केकोवाची बुडालेली नगरी: बोटीने जावं का, कुठून जावं आणि नेमकं काय बघावं

प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरमध्ये नवरा-बायको, बारा वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई असे चौघं टर्कीत काशला चार दिवस राहणार आहेत, तिथून केकोवाच्या बुडालेल्या शहराची दिवसभराची बोट ट्रिप करावी का? कारण ओळखीचं एक कुटुंब जाऊन आलं आणि "काही दिसत नाही हो, नुसतं निळं पाणी" म्हणालं. त्यात सासूबाईंना बोट लागते आणि त्या पूर्ण शाकाहारी आहेत. मी बरीच वर्षं त्या किनाऱ्यावर आपल्याकडचे छोटे ग्रुप घेऊन जाते, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते, चहा घेऊन बसा. (टर्कीला सध्या जावं की नाही हा वेगळा वाद आहे, तो इथे नको, तिकिटं काढलीयेत असं धरून चालते.)

आधी सरळ उत्तर. जा, नक्की जा, पण पाण्याखालचं शहर बघायला जाऊ नका, पाण्याच्या काठावरचं बघायला जा. तुमच्या ओळखीचे लोक खोटं बोलत नाहीयेत. पोस्टरवर जे दाखवतात ना, खाली खांब उभे, कमानी, मधून मासे फिरतायत, असलं तिथे काही नाहीये आणि कधी नव्हतं. ज्या भागाला बुडालेलं शहर म्हणतात तो केकोवा बेटाच्या उत्तरेकडचा किनारा, बोट तिथून हळूहळू पुढे सरकते, थांबत नाही, सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटांचा खेळ. त्यासाठी आख्खा दिवस घालवला तर वाईट वाटणारच. पण त्याच दिवसात आजूबाजूला जे आहे ते धरलंत तर माझ्या मते आख्ख्या टर्कीत समुद्रावर घालवायचा यापेक्षा चांगला दिवस नाही.

आता कुठून निघायचं. काशच्या बंदरातून सकाळी दहाच्या सुमाराला मोठ्या बोटी निघतात, संध्याकाळी सहापर्यंत परत, जेवण त्यातच, आणि हॉटेलवाला तुम्हाला हीच विकणार. या बोटींना केकोवापर्यंत जायला साधारण दोन तास लागतात आणि यायला तेवढेच, म्हणजे अर्धा दिवस नुसता इंजिनाच्या आवाजात. ज्यांना डेकवर उन्हात पडून राहायचंय, गाणी, उड्या मारणं वगैरे, त्यांच्यासाठी ठीक आहे. पण काश सोडून उलुबुरुनचं टोक ओलांडलं की पुढे बराच वेळ उघडा समुद्र आहे, आणि दुपारनंतर पश्चिमेकडून वारा उठतो, मेल्तेम म्हणतात त्याला, तेव्हा परतीचा प्रवास नेमका वाऱ्याच्या तोंडावर. बोट लागणाऱ्या माणसाला यात अजिबात घालू नका.

त्यापेक्षा रस्त्याने उचाअझला जा. काशहून गाडीने तासभर लागतो, मुख्य रस्ता सोडल्यावर वळणावळणाचा आहे, म्हणजे सासूबाईंना गाडीही लागत असेल तर पुढच्या सीटवर बसवा. उचाअझ म्हणजे अगदी लहान गाव, एक धक्का, चार खानावळी, एक मशीद, आणि धक्क्याला लागलेल्या दहा-बारा माणसांच्या बोटी. इथून बुडालेला भाग वीस मिनिटांवर आणि मधलं पाणी बेटाच्या आडोशाला असल्याने बहुतेक वेळा तळ्यासारखं शांत. चौघांसाठी आख्खी बोट तीन-चार तासांसाठी ठरवा, भाव करा, तो अपेक्षितच असतो, आणि पैसे ठरवण्याआधी कुठे कुठे थांबणार आणि किती वेळ हे नक्की करून घ्या, कारण "सगळं दाखवतो" म्हणजे काय याचा अर्थ प्रत्येक कॅप्टनचा वेगळा. किमती मी मुद्दाम लिहीत नाही, लिरा इतका घसरतो की आज लिहिलेला आकडा सप्टेंबरात हास्यास्पद ठरेल. तिसरा पर्याय डेमरेजवळच्या चायआझी बंदरातून, तिथून अंताल्याच्या बसांचे लोंढे येतात, तो तुमच्या कामाचा नाही.

निघायची वेळ: नऊ, फार तर साडेनऊला धक्का सोडा. एक म्हणजे काश आणि चायआझीच्या मोठ्या बोटी तोवर पोचलेल्या नसतात. दुसरं म्हणजे वारा नसतो आणि पाण्यावर सुरकुती नसली तरच तळ दिसतो. तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही, ती म्हणजे बेटाचा हा किनारा उत्तरेला तोंड करून आहे, म्हणजे बोटीतून बघताना तुमचं तोंड दक्षिणेला, सूर्याकडे, आणि पाण्यावरची चकाकी थेट डोळ्यात. पोलराइज्ड गॉगल असेल तर चकाकी कापली जाते आणि अचानक खालचं सगळं उघडं पडतं, फरक इतका असतो की माझ्या ग्रुपमध्ये एकच गॉगल सगळे आळीपाळीने मागत असतात. बोटीच्या तळाला काच असते तिचं कौतुक करू नका, बहुतेक काचा ओरखडे पडून धुरकट झालेल्या असतात, कडेला वाकून बघितलेलं बरं.

आणि हो, कोकणातली माणसं मला हमखास विचारतात की ओहोटीला गेलं तर जास्त दिसेल का. नाही दिसणार. भूमध्य समुद्राला आपल्यासारखी भरती-ओहोटी नसतेच म्हटलं तरी चालेल, तिथे फरक असतो तो वीतभराचा. म्हणून तर तिथे पाण्याला लागून घरं बांधता येतात, आणि म्हणूनच एकदा बुडालेली पायरी कायमची बुडालेली राहते.

आता तिथे नेमकं बघायचं काय. हे नीट वाचा, कारण "काही दिसत नाही" म्हणणाऱ्यांना काय शोधायचं हेच कोणी सांगितलेलं नसतं. या किनारपट्टीचं प्राचीन नाव लिशिया, आणि तिथले जुने लिशियन लोक घर बांधताना अर्धं घर डोंगराच्या खडकातच कोरून काढायचे, मागची भिंत, जमीन, जिना, पाण्याची टाकी हे सगळं कोरलेलं, आणि पुढचा भाग तेवढा दगड रचून बांधलेला. रचलेले दगड पडले, वाहून गेले, लोकांनी दुसरीकडे नेले. कोरलेलं मात्र कुठे जाणार? तेव्हा बेटाच्या उताराकडे बघा, तिथे खडक सरळ कापलेला दिसेल, निसर्ग इतका काटकोनात कापत नाही. त्या कापलेल्या भिंतीत एका रांगेत चौकोनी भोकं दिसतील, हाताच्या पंजापेक्षा जरा मोठी, ती छताची किंवा माळ्याची लाकडी तुळई बसवायची भोकं. एका रांगेवर दुसरी रांग असेल तर घर दुमजली होतं. मग नजर खाली आणा, जिना दिसेल, पाच-सहा पायऱ्या पाण्याबाहेर कोरड्या, पुढची ओली, त्यापुढची पाण्याखाली हिरवट, आणि मग नुसता निळा रंग. तो जिना एकदा दिसला की पोरगं आपोआप पुढचं शोधायला लागतं, उंबरे, दारं, खाली तळाशी भिंतींचे पाये, मडक्यांच्या खापरांचे ढीग. मी लोकांना आधी अर्धा तास इतिहास सांगत नाही, आधी एक भोक आणि एक जिना शोधायला लावते.

इथे पोहायला, डायव्हिंग करायला आणि नांगर टाकायला बंदी आहे. १९९० साली हा सगळा पट्टा संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर झाला, आणि बेटाच्या या बुडालेल्या पट्ट्यात बंदी कडक आहे, एखादा कॅप्टन "पाच मिनिटं उतरा, कोण बघतंय" म्हणाला तरी उतरू नका. पोहायला आजूबाजूला भरपूर खाड्या आहेत, तिथे तो आपणहून थांबवतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे काही उचलू नका. खापराचा तुकडा, मोझॅकचा खडा, कोरलेला दगड, काहीही नाही. टर्कीचा पुरातत्त्व कायदा फार कडक आहे, देशाबाहेर असली वस्तू नेणं हा तुरुंगाचा गुन्हा आहे आणि विमानतळावर बॅगेत दगड सापडून अडकलेले परदेशी पर्यटक हे काही दंतकथा नाहीत. बारा वर्षांच्या मुलाचे खिसे संध्याकाळी तपासा, मी खरंच सांगतेय.

हे बुडालं कसं याची गाइड लोक एक मस्त गोष्ट सांगतात, एका रात्रीत भूकंप झाला आणि शहर समुद्राने गिळलं. गोष्ट चांगली आहे पण अर्धी आहे. या किनाऱ्याच्या दक्षिणेला आफ्रिकेची भूपट्टी अनातोलियाच्या भूपट्टीखाली सरकते, त्यामुळे भूकंप तर होतातच. इसवी सन १४१ च्या भूकंपाने या आख्ख्या प्रांताची वाट लावली होती, तेव्हा ओप्रामोआस नावाच्या एका गडगंज माणसाने गावोगावच्या इमारती पुन्हा बांधायला पैसे वाटले, आणि कुठे किती दिले ते आपल्या थडग्यावर इंचन्‌इंच कोरून ठेवलं, प्रसिद्धीची हौस काही आजची नाही. पण त्या एका धक्क्यात सगळं पाण्याखाली गेलं असं नाही, जमीन पुढची शतकानुशतकं थोडी थोडी खचत राहिली, आणि लोक वरच्या बाजूला सरकत राहिले. बेटावरच तेर्साने नावाची छोटी खाडी आहे, तिच्या पुळणीवर एका बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातल्या चर्चचे अवशेष आहेत, म्हणजे भूकंपानंतर शेकडो वर्षांनी इथे चर्च बांधून प्रार्थना करणारी वस्ती होतीच की. जुन्या फोटोंत त्या चर्चची अर्धगोल भिंत पाण्याच्या काठावर दिमाखात उभी दिसते, ती १९९० च्या दशकात कोसळली, आता शोधत बसू नका.

या बेटाच्या आडोशाला एवढी वस्ती का, हे कळलं तर सगळ्या दिवसाला अर्थ येतो, म्हणून थोडंसं. रोम शहराला लागणारा गहू इजिप्तमधून यायचा. अलेक्झांड्रियाहून रोमला सरळ जायचं तर उन्हाळाभर वारा वायव्येकडून, म्हणजे तोंडावर. मग जहाजं आधी उत्तरेला या लिशियाच्या किनाऱ्यापर्यंत यायची आणि इथून किनारा धरून, रात्रीच्या मतलई वाऱ्यावर, पश्चिमेकडे सरकायची. म्हणून डेमरेच्या बंदरात रोमन सम्राट हेड्रियनच्या काळात धान्याचं प्रचंड कोठार बांधलं गेलं, ते आजही उभं आहे. आणि आता आपल्याकडचा धागा बघा, पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या नोंदींमध्ये सोपारा, कल्याण, चौल ही नावं येतात, तिथला माल तांबड्या समुद्रातून अलेक्झांड्रियाला पोचायचा आणि तिथून पुढे रोमला. त्यातली काही गाठोडी या खाडीत वाऱ्याची वाट बघत थांबलेल्या जहाजांत असणार असं मला नेहमी वाटतं. पुरावा मागू नका, पण रस्ता हाच होता.

बरं, बुडालेला भाग झाला की बोट समोरच्या किनाऱ्यावर सिमेनाला नेते, आजचं नाव कालेकोय. या गावाला गाडीरस्ता नाही, बोटीने या नाहीतर उचाअझहून डोंगरातून चालत. दिवसातला सगळ्यात जास्त वेळ मी इथे देते, दोन तास तरी. धक्क्याजवळ पाण्यात एक दगडी शवपेटी उभी आहे, फोटो तुम्ही पाहिला असेलच, टर्कीच्या प्रत्येक माहितीपत्रकावर ती असते. पावसाळ्यात कोकणात होड्या उलट्या करून झापाखाली ठेवतात ना, तसं तिचं झाकण. फोटो काढून लोक पुढे जातात, तुम्ही जरा थांबा. ही पेटी कोणी पाण्यात बांधलेली नाही, बांधली तेव्हा ती कोरड्या जमिनीवर होती, पाणी तिच्यापर्यंत चालून आलंय. म्हणजे जमीन किती खचली याची मोजपट्टीच तिथे उभी आहे, आणि ती समजायला तज्ज्ञ लागत नाही.

अशा शवपेट्या तुम्हाला दिवसभर दिसत राहणार आहेत, झुडपात, ऑलिव्हच्या झाडाखाली, कोणाच्या अंगणात कोंबड्यांच्या शेजारी. एक जवळून बघा. झाकणाच्या बाजूंना दगडाच्या गाठी पुढे आलेल्या दिसतील, दोर अडकवून झाकण उचलायला ठेवलेल्या. आणि बहुतेक पेट्यांच्या एका अरुंद बाजूला, कोपऱ्यात, माणसाचं डोकं-खांदे आत जातील एवढं वेडंवाकडं भोक असेल. झाकण टनाटनाचं, चोराला उचलता येणार नाही, म्हणून त्याने घणाने बाजू फोडली. चोरांची भीती तेव्हाही होतीच, म्हणून पेटीवर ग्रीकमध्ये लिहिलेलं असतं की ही अमक्याने स्वतःसाठी, बायकोसाठी, मुलांसाठी केली, दुसऱ्या कोणी इथे प्रेत ठेवलं तर इतका दंड, आणि काही ठिकाणी तर दंडातला तिसरा हिस्सा चुगली करणाऱ्याला! मुलाला हे वाचून दाखवा, देऊळ-राजा-सनावळीपेक्षा हे जास्त लक्षात राहतं.

सिमेनाचा किल्ला वर दिसतो तो मध्ययुगीन आहे, खालचे थर त्याहून जुने. धक्क्यापासून वर जायला पंधरा-वीस मिनिटं, वाट लोकांच्या घरांमधून जाते, पायऱ्या वेड्यावाकड्या, कठडा बऱ्याच ठिकाणी नाही आणि दगड झिजून गुळगुळीत. सासूबाईंचे गुडघे ठीक नसतील तर त्यांना वर नेण्याचा हट्ट करू नका, खाली पाण्यावर लाकडी फळ्यांची हॉटेलं आहेत, तिथे सावलीत बसून समोर ती शवपेटी आणि पायाखाली मासे, त्यांचा वेळ तुमच्यापेक्षा चांगला जाईल. कालेकोयचं घरगुती आइसक्रीम प्रसिद्ध आहे तेही तिथेच मिळतं. वाटेत बायका रुमाल, ओढण्या विकतात, कडेला बारीक क्रोशाची नक्षी असलेल्या, त्या हाताने केलेल्या आहेत की यंत्राच्या हे उलटी बाजू बघून ठरवा, आणि घासाघीस फार ताणू नका.

वर गेलात की किल्ल्याचं तिकीट आहे. आत खडकात कोरलेलं एक नाट्यगृह आहे, फक्त सात रांगा, तीनशे माणसं बसतील एवढं. लिशियातलं सगळ्यात चिमुकलं. आधी एफेससचं भलंमोठं नाट्यगृह वगैरे बघून आलेले लोक "हे एवढंसं?" म्हणतात, मला मात्र हेच आवडतं, कारण गाव केवढं होतं ते त्या सात रांगांवरून कळतं. आणि एवढ्याशा गावालाही मतदान होतं, अर्धंमुर्धं का होईना. लिशियाची तेवीस गावं मिळून एक संघ होता, मोठ्या गावाला तीन मतं, मधल्याला दोन, लहानाला एक, आणि सिमेनासारखी अगदीच छोटी चार गावं मिळून एकच मत वापरायची, अपेर्लाय हे त्यांचं म्होरक्या गाव. अठराव्या शतकात फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूने या पद्धतीची तारीफ केली, आणि अमेरिकेची राज्यघटना ठरत होती तेव्हाच्या चर्चेत लिशियाचं उदाहरण दिलं गेलं. मुलाला नागरिकशास्त्राचा कंटाळा असेल तर त्या सात रांगांवर बसवून सांगा. किल्ल्याच्या पूर्वेला उतरलं की ऑलिव्हच्या जुनाट झाडांत शवपेट्यांची अख्खी वस्ती आहे, तिथे मोठ्या बोटींतले लोक जात नाहीत कारण त्यांचा भोंगा वाजलेला असतो. खाली किनाऱ्याला सम्राट टायटसच्या नावाने अर्पण केलेल्या स्नानगृहाचे अवशेष आहेत, म्हणजे इसवी सन ७९ ते ८१ मधले, जाता जाता बघितले तरी पुरे.

परत उचाअझला आलात की लगेच गाडीत बसू नका. गावाच्या पूर्व टोकाला, धक्क्यापासून चालत पाच-दहा मिनिटांवर, तेइमिउसा आहे, तेही लिशियन गावच, आणि पाण्याला लागून शवपेट्यांची गर्दी. इथे तिकीट नाही, चढ फारसा नाही आणि सहसा माणूसही नाही. किल्ला न बघितलेल्या सासूबाईंना इथे हळूहळू हात धरून नेता येतं, म्हणून हे शेवटी ठेवा. इथे एक घरासारखं कोरलेलं थडगं आहे, ते बाकीच्यांपेक्षा बरंच जुनं, इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातलं, दारावर तरुणाची आकृती आणि लिशियन भाषेतला लेख, ग्रीक नव्हे. ही भाषा आपल्या इंडो-युरोपीय कुळातलीच, पण पार मेलेली.

तुमच्याकडे चार दिवस आहेत आणि पाय चांगले असतील तर तुम्ही दोघं आणि मुलगा मिळून अपेर्लाय कराच. उचाअझहून बोट पश्चिमेला सिचाकच्या धक्क्यापर्यंत नेते, तिथून जमिनीची अरुंद पट्टी ओलांडून अर्धा-पाऊण तास चालायचं, सावली नाही, पाणी बरोबर घ्या. पलीकडे उतरलात की शांत, उथळ खाडी आणि गुडघाभर पाण्यात घरांच्या आणि बंदराच्या भिंतींच्या रेषा, काठावर उभं राहूनच दिसतात, बोट नको, काच नको. खरं सांगायचं तर बुडालेलं शहर बघायचं असेल तर ते इथे आहे. किनाऱ्याला चालताना पायाखाली कुरकुर आवाज येईल, खाली बघा, फोडलेल्या शिंपल्यांचा थर आहे. म्यूरेक्स नावाच्या गोगलगायीपासून जांभळा रंग काढायचे, राजेरजवाड्यांचा, सोन्याच्या भावाचा, आणि अपेर्लायचा सगळा कारभार त्यावर चाललेला होता. १९०९ मध्ये एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बारा हजार गोगलगायींपासून रंग काढला तेव्हा जेमतेम दीड ग्रॅम हाती आला, त्यावरून भाव समजा. गोगलगायी जिवंत ठेवायच्या टाक्या इथे पाण्याखाली सापडल्या आहेत, १९९० च्या दशकात अमेरिकन अभ्यासकांनी त्यांचं मोजमाप केलं. आणि वास? हा रंग करताना इतकी घाण सुटायची की असले कारखाने गावाबाहेर ठेवत, पण अपेर्लायमध्ये गावच कारखाना होतं, तिथले लोक कसे जगत असतील देव जाणे. तेव्हा अपेर्लायसाठी बोट वेगळ्या दिवशी ठरवा, सिमेनाबरोबर एकाच दिवसात कोंबू नका.

तुम्ही सगळं ऐकूनही काशहूनच मोठ्या बोटीने गेलात तर एक करा, उलुबुरुनच्या टोकापाशी इंजिनाच्या बाजूला बसून गप्पा मारू नका, बाहेर बघा. तिथे दिसण्यासारखं काही नाही, उघडा कडा आणि पाणी. पण १९८२ मध्ये मेहमेत चाकिर नावाच्या स्पंज काढणाऱ्या पाणबुड्याला इथे तळाशी "कान असलेली धातूची बिस्किटं" दिसली, आणि त्यातून कांस्ययुगाच्या अखेरच्या, इसवी सनापूर्वी सुमारे १३०० च्या जहाजाचा शोध लागला. १९८४ ते १९९४ असं दहा वर्षं उत्खनन चाललं, दहा टन तांबं, एक टन कथील, पाणघोड्याचे दात, काळं शिसवी लाकूड, काचेचे गोळे, इजिप्तच्या राणी नेफरतितीच्या नावाचा सोन्याचा स्कॅरब, म्हणजे भुंग्याच्या आकाराचा ताईत. तांबं आणि कथील दहाला एक, म्हणजे कांसं करायचं बरोबर प्रमाण, कोणाची तरी मोठी ऑर्डर बुडाली. ते सगळं बोद्रुमच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात आहे, तुमचा रस्ता तिकडून असेल तर सोडू नका.

आता बारीकसारीक. बोट लागण्याचं: उचाअझहून गेलात तर बहुधा काही होणार नाही, तरी अव्होमिन वगैरे गोळी त्यांच्या वयाला आणि बाकीच्या औषधांना चालते का हे इथूनच डॉक्टरांना विचारून न्या आणि निघायच्या आधी द्या, लागायला लागल्यावर देऊन उपयोग नसतो. त्यांना बोटीच्या मधोमध खाली बसवा, वरच्या डेकवर हेलकावे जास्त. बोटीत चढायला फळी असते, हात द्यायला माणूस असतो, पण चपला काढून चढायची पद्धत आहे, त्यामुळे पटकन काढता-घालता येतील अशा सॅंडल बऱ्या, आणि सिमेनाच्या पायऱ्यांसाठी मागे पट्टा हवाच.

जेवण: बोटीवर कोळशावर चिकन किंवा मासा, आणि बरोबर कोशिंबिरी, तळलेली वांगी, बुलगुरचा (गव्हाच्या रव्याचा) भात, दही, पास्ता. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, फक्त बुकिंग करतानाच सांगा, आणि एकाच जाळीवर सगळं भाजतात म्हणून भाज्या आधी किंवा वेगळ्या तव्यावर करायला सांगा, कॅप्टन लोक वाईट वाटून घेत नाहीत. त्यांचं आयरान म्हणजे खारट ताकच, सासूबाई त्यावर खूश होतील. पाणी, कोल्ड्रिंक, चहाचे पैसे वेगळे लागतात, तेही आधी विचारा.

आणि व्हिसाचं एक, जे काशला राहणाऱ्या आपल्या लोकांना हमखास नडतं. काशच्या समोर मेइस नावाचं बेट आहे, फेरीने वीसेक मिनिटं, सगळे म्हणतात जाऊन या. ते ग्रीसमध्ये आहे. म्हणजे शेंगेन व्हिसा तर हवाच, पण त्याच्याहून मोठी गोची परत येताना. शेंगेन किंवा अमेरिका-ब्रिटनच्या व्हिसाच्या आधारावर भारतीयांना टर्कीचा जो ई-व्हिसा मिळतो तो एकदाच प्रवेशाचा असतो. मेइसला पाय ठेवला की तो संपला, आणि तुमच्या बॅगा काशच्या हॉटेलात! नियम बदलत असतात, तुमच्या व्हिसावर काय लिहिलंय ते बघा आणि मगच ठरवा, माझा सल्ला मेइस सोडून द्या.

चार दिवसांतला एक दिवस केकोवा, एक अपेर्लाय, एक दिवस डेमरेला, मायरा या तिथल्या प्राचीन शहराची खडकात कोरलेली थडगी आणि ते धान्याचं कोठार बघायला, त्याच्यात आता लिशियन संस्कृतीचं संग्रहालय आहे. सकाळी आठ-नऊलाच पोचा, दहानंतर बसा येतात. चौथा दिवस काहीही करू नका, काशच्या खडकांवर पाण्यात पाय सोडून बसा. मुलासाठी पोहायचा मास्क इथूनच त्याच्या मापाचा घेऊन जा, बोटीवर देतात ते मोठ्यांच्या मापाचे असतात, पाणी आत जातं आणि मग पोरगं चिडतं.